अक्षरे ज्यांना दाद देत नाहीत
(महोत्सवानिमित्त भरलेल्या पालक व शिक्षक यांच्या सभेत झालेले भाषण)



 बाहेर मुलांचे खेळ सुरू आहेत आणि आपले अर्धे लक्ष तिकडे आहे, हे तीस-बत्तीस वर्षे शिक्षकी केलेल्या माणसास कोणी सांगावे लागत नाही. मी आपल्या धर्मग्रामातील नव्हे. जळगाव आणि धुळे या दोन जिल्ह्यांतील शाळांत मी मराठी शिकविली आणि निवृत्त झाल्यावर धुळ्यास राहावयास आलो, एवढीच माझी ओळख.

फादरांनी मला विषय दिला तो ‘मुलांचे वाचन’ हा. त्यांच्या परवानगीने मी तो किंचित वळवून घेणार आहे. जी मुले वाचतात त्यांची चिंता वाहणारे पुष्कळ आहेत. जी मुले शहाणी असून, डोळे-कान शाबूत असून, घरी कोणी आबाळ करीत नसूनही काही केल्या वाचू शकत नाहीत, त्यांच्याविषयी मला बोलावयाचे आहे. अशाच एका मुलीने पुढे मुलांसाठी शंभरावर पुस्तके लिहिली आणि त्यांतील चित्रेही स्वतः काढली. ती मुलगी खानदेशातील नव्हे, सातासमुद्रांपलीकडची आहे. तिची हकीकत मी सांगणारच आहे. परंतु तिच्यापाशी मी कसा पोहोचलो हे कळावे म्हणून आधी मला माझी स्वतःची एक गोष्ट सांगितली पाहिजे. ती सांगताना मला आनंद होत नाही.

ती १९८८ सालची. त्या वेळी मी एका तालुक्याच्या गावी इयत्ता पाचवीस मराठी शिकवीत असे. वर्गात एक मुलगा होता. त्याचे नाव मी सांगणार नाही. घरी तो अहिराणी बोले आणि शाळेत मराठी, पण तसे तर निम्म्याहून अधिक वर्गाचेच होते. तोंडी प्रश्न विचारला की पहिला हात त्याचा. कविता दोनदा कानावर पडली की पाठ. गोष्ट सांगावयास उभा केला तर मागच्या बाकावरची मुलेसुद्धा चिडीचूप. मात्र पुस्तक हाती दिले की हाच मुलगा घामाघूम होई. ‘कमळ’चे ‘कळम’ वाची, ‘भरत’चा ‘मरत’ करी, एका ओळीवरून निसटून तिसऱ्या ओळीवर जाई. वहीत तर काना, मात्रा, वेलांट्या यांची अशी गर्दी असे की, जत्रेत हरवलेल्या पोरांसारखी कोणती कोणाची हे ओळखता येऊ नये.

मी काय निदान केले असेल? त्या काळी सर्व शिक्षक जे करीत तेच. बोलतो इतके छान, मग वाचीत का नाही? अर्थात आळस! येत असून करीत नाही! निदान झाले की औषध ठरलेलेच असे, ते म्हणजे पट्टी. काही आठवड्यांनी मुलगा धडा घडाघडा वाचू लागला आणि मला माझ्या औषधाचा अभिमान वाटला. एके दिवशी मी त्याच्यामागे जाऊन उभा राहिलो, तेव्हा दिसले की त्याने उघडलेले पान भलतेच आहे. शेजाऱ्याकडून ऐकून त्याने अख्खा धडा पाठ केला होता. एवढी स्मरणशक्ती मुलात आहे याचे मला नवल वाटावयास हवे होते; पण मी त्याला धड्याच्या मधल्या ओळीपासून वाचावयास सांगितले. तो गप्प उभा राहिला. वर्ग हसला. आणि सद्गृहस्थहो, मीही हसलो. पट्टीचे वळ तो मुलगा विसरला असेल. त्या हसण्याविषयी मला तशी खात्री देता येत नाही.

त्याच हिवाळ्यात सहल अजिंठ्यास गेली. सतराव्या लेण्यात सहा सुळ्यांच्या छद्दंत हत्तीचे जातक चितारलेले आहे. मागच्या जन्मीच्या मत्सरापायी राणी व्याधाला हत्तीचे सुळे आणावयास पाठविते, हत्ती आपण होऊन ते देतो, आणि सुळे समोर येताच राणीचे काळीज फुटते, अशी ती कथा. परत आल्यावर मी सहलीचा निबंध लिहावयास घातला. त्या मुलाच्या वहीत दोन ओळी होत्या, त्याही लागेनात. पण पान उलटले तो मागे हत्ती, व्याध आणि मूर्च्छित राणी, तिघेही पेन्सिलीने काढलेले. हत्तीचे सुळे मोजून सहा. मी तांबड्या शाईने खाली शेरा लिहिला की निबंधाच्या वहीत चित्रे काढू नयेत. शून्य दिले की दोन गुण दिले, ते आता आठवत नाही.

सहामाही झाल्यावर मी त्याच्या वडिलांना बोलावून घेतले. ते बाजार समितीत हमाली करीत. मी त्यांना समजुतीच्या स्वरात सांगितले की मुलाच्या डोक्यात विद्या शिरत नाही, उगाच वर्षे दवडू नका, हाताला काम शिकवा. त्यांनी हात जोडले आणि म्हणाले, “गुरुजी, तुम्ही सांगतस ते खरंच व्हई.” पुढच्या सोमवारपासून मुलगा शाळेत दिसला नाही.

यानंतर जवळजवळ वीस वर्षे ही गोष्ट माझ्या मनात निपचित पडून होती. २००७ च्या डिसेंबरात ‘तारे जमीन पर’ हा चित्रपट आला. तो आपल्यापैकी पुष्कळांनी पाहिला असेल. आमच्या शाळेनेही मुलांना नेले. त्यातील ईशान अवस्थी याला अक्षरे नाचताना दिसतात, घरचे त्याला आळशी ठरवून पाचगणीच्या वसतिशाळेत ठेवितात, आणि तेथे चित्रकलेचे निकुंभ मास्तर त्याची अडचण ओळखितात. (निकुंभ हे आडनाव आपल्या खानदेशाच्या ओळखीचे आहे, म्हणून मी उगाच सुखावलो होतो.) पण त्या मुलाला उभे करून वाचावयास लाविले तेव्हा अंधारात मला घाम फुटला. पडद्यावरचा तो मास्तर मला चांगला ओळखीचा होता, आणि तो निकुंभ नव्हता.

तेव्हापासून मी या विषयावर मिळेल ते वाचू लागलो. आमच्या अज्ञानास काळाची सबबही नव्हती, हे पहिल्याच महिन्यात कळून चुकले. १८८७ साली जर्मन नेत्रवैद्य रुडॉल्फ बर्लिन यांनी ‘डिस्लेक्सिया’ हा शब्द चालू केला होता. १८९६ च्या नोव्हेंबरात डब्ल्यू. प्रिंगल मॉर्गन या इंग्रज डॉक्टराने ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मध्ये पर्सी नावाच्या चौदा वर्षांच्या मुलाची हकीकत छापली. मुलगा हुशार, खेळात चपळ, हिशोबात पक्का; पण वर्षानुवर्षे शिकवूनही त्याला वाचता येईना, स्वतःच्या नावातील अक्षरेसुद्धा तो मागेपुढे करी. डॉक्टराने यास जन्मजात शब्दांधत्व म्हटले. मला त्या लेखात सर्वांत बोचले ते मुलाच्या मास्तरांचे मत: शिक्षण सगळे तोंडी असते तर हा शाळेतील सर्वांत हुशार विद्यार्थी ठरला असता, असे ते म्हणत. म्हणजे माझ्या आधी ब्याण्णव वर्षे एका खेड्यातल्या नव्हे तरी माझ्यासारख्याच एका मास्तराने तेच पाहिले होते. फरक इतकाच की त्याने ते डॉक्टराला सांगितले आणि मी हमालाला.

आज या विकाराचे स्वरूप पुष्कळ उलगडले आहे. दोष डोळ्यांत नसतो व बुद्धीतही नसतो. बोललेल्या शब्दाचे सुटे ध्वनी करणे आणि प्रत्येक ध्वनीची त्याच्या अक्षराशी गाठ मारणे, हे काम इतरांचे मेंदू नकळत करितात, ते या मुलांना पदोपदी कष्टाने करावे लागते. तो पुष्कळदा घराण्यातून येतो. शंभर मुलांत पाच-दहा मुले कमीअधिक प्रमाणात अशी असावीत, असा तज्ज्ञांचा सर्वसाधारण अंदाज आहे. तेव्हा पन्नास मुलांच्या वर्गात दोन-चार जण हे ओझे मुकाट्याने वाहत असतात.

आपली लिपी ध्वनीला धरून चालते, इंग्रजीप्रमाणे लिहावे एक आणि वाचावे दुसरे असा अन्याय तीत फारसा नाही, म्हणून मराठी मुलांना ही अडचण येत नसावी, असे मला एका विद्वान मित्राने सांगितले. त्यांनी पहिलीचा वर्ग कधी घेतला नव्हता. ‘कि’ लिहिताना वेलांटी आधी काढावयाची आणि उच्चारावयाची मागाहून. ‘सूर्य’ म्हणताना र आधी आणि य नंतर, पण कागदावर र जाऊन बसतो य च्या डोक्यावर. भ आणि म, घ आणि ध, ट आणि ठ यांत फरक केवढा, तर मुंगीच्या पायाएवढा. आकड्यांतही तेच: तोंडाने ‘पंचवीस’ म्हणताना पाच आधी येतात, आणि पाटीवर मात्र दोन आधी. २०१९ साली दुसरीच्या गणिताच्या पुस्तकात ‘वीस पाच’ अशी वाचनाची रीत घातली, तेव्हा मराठी बुडाली म्हणून केवढा गिल्ला झाला! भाषेच्या प्रेमाने मीही प्रथम नाक मुरडले होते. पण वर्गातील त्या दोन-चार मुलांचा विचार मनात आला आणि मी गप्प बसलो. यांत आपल्या भागात आणखी एक गुंता आहे. अहिराणी, लेवा बोली, पावरी किंवा भिली बोलणाऱ्या घरातील मूल पुस्तकी मराठीस अडखळले म्हणजे ते या विकाराचेच, असे समजू नये. भाषा नवी असल्याने जे अडते ते ऐकण्या-बोलण्याने वर्ष-दोन वर्षांत सुटत जाते. जे मूल मराठी उत्तम बोलू लागले तरी वाचण्यात तेथेच अडून राहते, त्याच्याकडे वेगळ्या नजरेने पाहावयास हवे.

आता त्या मुलीकडे वळतो. माझी एक भाची अमेरिकेत असते. माझा हा नवा छंद कळल्यावर तिने मला मुलांचे एक चित्रपुस्तक पाठविले. नाव ‘थँक यू, मिस्टर फाल्कर’, साल १९९८, लेखन आणि चित्रे पॅट्रिशिया पोलाको यांची. पुस्तक एका बैठकीत संपण्याजोगे आहे. मला ते संपवावयास दोन दिवस लागले.

या बाईंचा जन्म ११ जुलै १९४४ रोजी मिशिगन राज्यातील लॅन्सिंग येथे झाला. आईकडची माणसे रशिया-युक्रेनकडून आलेली, वडिलांकडची आयरिश. दोन्ही घरांत गोष्टींचे पीक उदंड. ती तीन वर्षांची असताना आईबाप विभक्त झाले आणि आजी-आजोबांच्या शेतावर तिचे बालपण गेले. पुस्तकाच्या आरंभी आजोबा छोट्या नातीसमोर एक पुस्तक धरतात, त्याच्यावर मध ओततात आणि तिला तो चाखावयास लावितात. विद्या अशी गोड असते, पण मधमाशीप्रमाणे तिचा पाठलाग पानापानांतून करावा लागतो, हे मुलीला कळावे म्हणून. आपल्याकडे विद्यारंभाच्या दिवशी ताटात तांदूळ पसरून त्यांवर बोट फिरवितात, ती याचीच बहीण म्हणावयाची.

मध गोड लागला, पण पुढचे काही गोड नव्हते. शाळेत मुलीला अक्षरे म्हणजे हलणारी, वळवळणारी नक्षी वाटे. आकडेही डगमगत. सोबतची मुले पुढे गेली, ती मागे राहिली. चित्रे मात्र ती अशी काढी की पाहणाऱ्यांनी भोवती गोळा व्हावे. आजी वारली, आजोबाही गेले, आई नोकरीसाठी तिला घेऊन दूर कॅलिफोर्नियात गेली. नव्या शाळेत एका मुलाने तिचा असा छळ मांडला की मधल्या सुट्टीत ती जिन्याखालच्या अंधारात लपून बसे. मठ्ठ हा शब्द इतक्यांदा कानी पडला की तो आपल्या नावाचाच भाग आहे असे तिला वाटू लागले.

तेथे तिला एक नवे शिक्षक भेटले. पुस्तकात त्यांचे नाव फाल्कर. खरे नाव जॉर्ज फेल्कर. त्यांनी तिच्या चित्रांची वर्गात वाखाणणी केली, छळणाऱ्या मुलाला आवरले, आणि एक गोष्ट त्यांच्या ध्यानात आली. ही मुलगी इतकी वर्षे वाचता येत नसताना शिक्षकांच्या डोळ्यांत धूळ फेकीत वरच्या वर्गात चढत आली होती. शेजाऱ्याचे ऐकून पाठ करावे, अंदाजाने बोलावे, वेळ मारून न्यावी. फेल्करांनी विचार केला की जी मुलगी हे करू शकते ती मठ्ठ कशी असेल? माझ्यासमोर तंतोतंत हाच पुरावा आला होता आणि त्यावरून मी उलटा निकाल दिला होता, हे वाचून माझे पुस्तक गळून पडले.

फेल्करांनी मुलीला सांगितले की तुला अक्षरे इतरांसारखी दिसत नाहीत, एवढेच, तू वाचशील. मग वाचनाच्या एका शिक्षिकेस सोबत घेऊन शाळा सुटल्यावर ते तिला रोज शिकवू लागले. यात जादू काही नव्हती. महिनोन् महिन्यांची मेहनत होती. त्या जवळजवळ चौदा वर्षांच्या झाल्या तेव्हा प्रथम वाचू लागल्या. पहिली ओळ कळली त्या दिवशी ती मुलगी घरी आली, तिने आजोबांचे ते पुस्तक काढले आणि पुन्हा त्याच्यावर मध ओतला.

पुढे त्यांनी कलेचा अभ्यास केला, ऑस्ट्रेलियातही शिकल्या आणि कलेच्या इतिहासात डॉक्टरेट मिळविली. रशियन आणि ग्रीक परंपरेतील पवित्र चित्रे हा त्यांचा विशेष विषय. येथे आपल्या मंदिराविषयी एक गोष्ट बोलण्याचा मोह मला आवरत नाही. मघाशी मी आत गेलो तेव्हा भिंतीवर क्रूसाच्या वाटेची चौदा चित्रे पाहिली. एक पाच-सहा वर्षांची चिमुरडी आपल्या लहान भावाला एकेका चित्रापुढे उभे करून काय घडले ते सांगत होती. चित्राखालचे अक्षर तिला वाचता येत नसावे आणि त्यावाचून तिचे काही अडतही नव्हते. इसवी सन ६०० च्या सुमारास मार्सेच्या एका बिशपाने मंदिरातील चित्रे फोडून टाकिली, तेव्हा थोर ग्रेगरी पोपांनी त्याला पत्रे लिहून बजाविले होते की वाचणाऱ्यांस जे ग्रंथातून मिळते तेच न वाचणाऱ्यांस चित्रांतून मिळते. अजिंठ्याच्या भिंती रंगविणाऱ्यांनाही हे ठाऊक असले पाहिजे. मास्तर लोकांना तेवढे ते विसरावयास होते.

पोलाकोबाईंचे पहिले पुस्तक १९८७ साली निघाले. चाळिशी उलटल्यावर त्यांनी लेखणी धरिली. दुसऱ्या वर्षीचे ‘द कीपिंग क्विल्ट’ हे पुस्तक मला फार आवडते. रशियातून आलेल्या आप्तांच्या जुन्या कपड्यांची एक गोधडी घरात शिवली जाते आणि ती चार पिढ्या लग्नात, बारशात, म्हातारपणात वावरते. सगळी माणसे त्यांनी नुसत्या पेन्सिलीने काढली आहेत; रंग तेवढा गोधडीला. आपल्या घराघरांत आईच्या लुगड्यांच्या गोधड्या आहेत, तेव्हा त्या पुस्तकाचा अर्थ लावून द्यावयास येथे कोणी दुभाषी नको. फेल्कर आणि त्यांची पुन्हा भेट झाली ती कैक वर्षांनी, एका लग्नसमारंभात. आता काय करतेस, असे गुरुजींनी विचारले, आणि आपण मुलांसाठी पुस्तके करतो, हे तिने त्यांना सांगितले.

येथे एक इशारा देतो. अशा प्रत्येक मुलात एक चित्रकार दडलेला आहे, ही आता नवी समजूत पसरत आहे आणि तीही मुलांना जाचकच. एका आईने माझ्यापाशी तक्रार केली की मुलाला डिस्लेक्सिया असूनही चित्रे वाईटच काढतो! कोणी चित्र काढील, कोणी मोटार दुरुस्त करील, कोणी साधी नोकरी करून सुखाने राहील. मुलाला वाचता यावे, ते त्याच्या कलागुणांचे बक्षीस म्हणून नव्हे.

वाचन येईपर्यंत मुलाने काय करावे? तोवर त्याच्या वतीने दुसऱ्याने वाचावे आणि दुसऱ्याने लिहावे. हे म्हटले की पालक आणि शिक्षक दोघेही दचकतात. ही फसवणूक नव्हे काय, असे विचारतात. त्यांना मी दोन उदाहरणे देतो, दोन्ही आपल्याच मातीतली. १८८० साली जळगावाजवळच्या आसोदे गावी जन्मलेल्या बहिणाबाई चौधरी यांना अक्षरओळख नव्हती. त्यांचे कारण वेगळे, त्या काळी शेतकऱ्याच्या मुलीला शाळेत कोण घालणार? पण घरोट्यावर आणि शेतात त्या ज्या ओव्या म्हणत त्या त्यांचे पुत्र सोपानदेव यांनी आणि आप्तांनी उतरवून घेतल्या. बहिणाबाई १९५१ साली वारल्या, आणि १९५२ साली आचार्य अत्र्यांच्या पुढाकाराने त्यांची कविता छापली गेली. २०१८ पासून आपल्या विद्यापीठाला त्यांचे नाव आहे. म्हणजे आपली मुले ज्या विद्यापीठाची पदवी घेतात, त्याला नाव आहे अक्षर न येणाऱ्या बाईचे. तिच्या हातात लेखणी नव्हती म्हणून कविता तिची नव्हे, असे म्हणावयाची कोणाची छाती आहे?

दुसरे उदाहरण धुळ्याच्या तुरुंगातले. १९३२ साली फेब्रुवारी ते जून दर रविवारी विनोबांनी तेथे गीतेवर अठरा प्रवचने केली. विनोबा बोलत गेले आणि साने गुरुजी लिहीत गेले. ते साने गुरुजी म्हणजे अमळनेरच्या शाळेत १९२४ पासून सहा वर्षे शिकविलेले, वसतिगृहातील मुलांसाठी हाताने दैनिक लिहून काढणारे, पुढे १९३३ साली नाशिकच्या तुरुंगात ‘श्यामची आई’ लिहिणारे. मुलांसाठी लिहिणारा एवढा मोठा लेखक दुसऱ्याचा लेखनिक होऊन बसला, आणि त्यात त्याला उणेपणा वाटला नाही. ‘गीता प्रवचने’ विनोबांचीच राहिली.

परीक्षेत लेखनिक, जादा वेळ, शुद्धलेखनाच्या चुकांची माफी अशा सवलती महाराष्ट्रात १९९६ पासून मिळू लागल्या; २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात या विकाराचा स्पष्ट समावेश झाला. त्यासाठी तपासणी करून घेऊन प्रमाणपत्र काढावे लागते. कागदपत्रांचा त्रास आहे, परंतु त्याहून मोठी अडचण घरात असते. मुलाच्या नावाला डाग लागेल, उद्या मुलीचे लग्न कसे जमेल, असे म्हणून सुशिक्षित आईबापच तपासणी टाळितात, आणि शिकवण्यांवर मात्र हजारो रुपये घालवितात. आपल्यापैकी कोणी तसे करीत असेल तर सभा संपल्यावर मला एकांतात भेटावे. मी कोणाचे नाव घेत नाही.

आता माझी राहिलेली गोष्ट. गेल्या दिवाळीच्या सुमारास मी धुळ्याबाहेर महामार्गावरून पायी येत होतो. मुंबई-आग्रा रस्त्याच्या कडेला ट्रकांच्या बॉड्या रंगविण्याची कामे चालतात, तेथे एक मनुष्य ट्रकच्या मागील फळीवर मोर रंगवीत होता. मोर देखणा होता म्हणून मी थांबलो. त्याने वळून पाहिले, ब्रश खाली ठेविला, हात पुसले आणि माझे पाय धरिले. केस पांढरे होऊ लागले होते. पण गोष्ट सांगताना लकाकणारे ते डोळे मी ओळखले.

काय बोलावे ते मला सुचेना, म्हणून मी मास्तरासारखे बोललो. मोराखाली ‘आई-वडिलांचा आर्शीवाद’ असे टपोऱ्या अक्षरांत लिहिले होते. रफार श वर बसली होती, ती मी बोटाने दाखविली. त्याने खिशातून एक चिठ्ठी काढून माझ्या हाती दिली. ती ट्रकच्या मालकाने लिहून दिलेली होती आणि तीत रफार श वरच होती. “गुरुजी, मी अक्षर वाचीत नाही, अक्षराचं चित्र काढतो. जसं दिलं तसं,” तो म्हणाला. त्याची नक्कल बिनचूक होती.

तेथे रस्त्याच्या कडेला मी त्याची क्षमा मागितली. पस्तीस वर्षांहून अधिक काळ जे बोलावयाचे राहिले होते ते ट्रकांच्या आवाजात ओरडून बोलावे लागले. तो “जाऊ द्या, गुरुजी,” एवढेच म्हणाला. माफ केले असे म्हणाला नाही, आणि ते मी ध्यानात ठेविले आहे. थोड्या वेळाने डबा बंद करीत तो म्हणाला, “धाकटी पोरगी तिसरीत आहे. माझ्यासारखीच निघाली. शाळेत तिला उभं करतात.” मग माझ्याकडे न पाहता त्याने विचारले, “तुम्ही पाहाल का तिला?”

तेव्हापासून दर शनिवारी तो तिला मोटारसायकलवरून माझ्या ओसरीवर आणून सोडतो. मी परातीत बारीक रेती पसरून ठेवितो. पोरगी अक्षराचा ध्वनी मोठ्याने म्हणते आणि त्याच वेळी बोटाने ते रेतीत काढते. कान, तोंड, बोट आणि डोळा यांनी एकदम एकच अक्षर धरावयाचे, ही या शिक्षणाची मुख्य रीत. अमेरिकेत ॲना गिलिंगहॅम नावाच्या शिक्षिकेने ती विसाव्या शतकात शास्त्रशुद्ध बसविली. आपले पणजोबा धूळपाटीवर धुळाक्षरे गिरवून शिकले, त्यांनी असले नाव ऐकले नव्हते; परंतु पाटी-पेन्सिल आली, मग वही आली, आणि आपण ती धूळ झटकून टाकिली.

प्रगती सावकाश आहे. भ आणि म यांचे अजून भांडण आहे. ऱ्हस्व वेलांटी आधी का काढावयाची, बोलताना तर ती नंतर येते, असे तिने मला गेल्या महिन्यात विचारले, आणि बत्तीस वर्षे मराठी शिकवूनही माझ्यापाशी त्याचे उत्तर नव्हते. तास संपताना अर्धा तास तिचा असतो. ती एका मांजरीची लांबच लांब गोष्ट सांगते, मी ती वहीत उतरवून घेतो आणि समोरच्या पानावर ती चित्रे काढते. अशी चार प्रकरणे झाली आहेत. लिहून झाले की मी तिला वाचून दाखवितो आणि ती माझ्या चुका काढते. मी एखादा शब्द सुधारून पुस्तकी केला की तिला लगेच कळते, आणि तो खोडून तिचा शब्द पुन्हा घालावा लागतो.

आज शनिवारच आहे. चार वाजता ती येईल, आणि मागच्या खेपेस मांजर विहिरीच्या काठावर राहिले आहे. म्हणून मला आता आपली रजा घेतली पाहिजे.